तारेवाचून उजेड : वीरगळ, लग्नमंडप आणि कॅमेऱ्यापासून सुटलेला फ्लॅश

१.
सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात आणि तेथून खाली सांगलीपर्यंत अनेक गावांत मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळापुढे झिजलेले वीरगळ उभे आहेत. (भीमाकाठचे कोरेगाव वेगळे, हे जरंडेश्वराच्या डोंगराजवळचे.) भर दुपारी पाहिले तर तो केवळ एक काळा दगड असतो. सूर्य क्षितिजाला टेकू लागला, उजेड तिरपा झाला की त्याच दगडातून ढाल, घोडा, पडलेला वीर, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, असे एकेक चित्र वर येऊ लागते.

२.
हा उजेड दिवसातून थोडाच वेळ मिळतो. उत्तरेकडे तोंड करून बसवलेल्या किंवा भिंतीत चिणलेल्या दगडाला तो वर्षाचे बहुतेक दिवस मिळतच नाही. आज मात्र तळहातावर मावणारा एक फ्लॅश दगडाच्या बाजूला ठेवून, कॅमेऱ्याला तार न जोडता, तो तिरपा सूर्य हवा तेव्हा उगवता येतो. त्यामागे सुमारे दीडशे वर्षांची खटपट आहे. ज्वाला, वीज आणि रेडिओलहरी या तीन शोधांची ती एकत्र कहाणी. हा धागा तिचा.

३.
आरंभी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रकाश कॅमेऱ्यापासून दूर ठेवण्याची कल्पना नवी नाही. प्रकाश कॅमेऱ्याला चिकटवण्याची कल्पनाच नंतरची आहे. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांत बाहेरचे ऊन आरशाने किंवा चकचकीत पत्र्याने आत वळवून भिंती उजळण्याची रीत जुनी. ऊन बाहेर, आरसा दारात, पाहणारा आत. दिवा आणि डोळा यांच्यात तार नाही. तत्त्वतः आजचा छायाचित्रकार याहून वेगळे काही करीत नाही.

४.
मुंबईत १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पाठोपाठ एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमलेल्या रॉबर्ट गिल यांनीही पुढे कॅमेरा हाती घेतला आणि १८६४ मध्ये त्यांची लेण्यांची छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. या सर्वांचा एकच मालक होता, तो म्हणजे सूर्य. स्टुडिओंना काचेची छपरे असत. ढग आले की धंदा थांबे.

५.
सूर्याची ही मालकी प्रथम मोडली ती मॅग्नेशियमने. या धातूची तार जाळली की डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश पडतो आणि तो तेव्हाच्या मंद काचपट्ट्यांनाही पुरतो. १८६५ मध्ये चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी इजिप्तच्या महापिरॅमिडच्या पोटात शिरून मॅग्नेशियमच्या उजेडात छायाचित्रे घेतली. हजारो वर्षांचा काळोख प्रथमच काचेवर उतरला. अडचण धुराची होती. एक चित्र झाले की खोली पांढऱ्या धुराने भरून जाई आणि तो निवळेपर्यंत थांबावे लागे.

६.
१८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत जोराने ऑक्सिजन सोडणारी रसायने मिसळली. ही फ्लॅशची दारू क्षणात भडके. लगेच न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस हे वार्ताहर ती घेऊन गरीब वस्त्यांच्या अंधाऱ्या खोल्यांत शिरले. १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने त्या शहराला आपल्याच तळघरांतील माणसे दाखवली. या कामात रीस यांच्या हातून घरांना आग लागली आणि एकदा त्यांचे डोळे जाता जाता वाचले.

७.
ही दारू पत्र्याच्या तबकात घालून हातभर उंच धरीत. म्हणजे दिवा तेव्हाही कॅमेऱ्यापासून वेगळाच होता. कारण कलेचे नव्हते, जिवाच्या भीतीचे होते. चित्र घेण्याची रीतही सोपी होती. अंधारात भिंगाचे झाकण काढायचे, दारू पेटवायची, झाकण पुन्हा लावायचे. वेळेचा मेळ घालण्याची गरजच नव्हती, कारण उजेड पडे तेवढाच क्षण काचेवर उमटे. ज्याला पुढे ‘सिंक्रोनायझेशन’ म्हटले गेले, तो प्रश्न अजून जन्माला यायचा होता.

८.
कृत्रिम प्रकाश कोठून टाकावा याचा विचार आपल्याकडे प्रथम नेटाने केला तो सिनेमावाल्यांनी. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी ‘सिंहगड’ (१९२३) या मूकपटासाठी कृत्रिम दिव्यांचा वापर केला. भारतीय चित्रपटातील तो आद्य प्रयोग मानला जातो. बाबूराव मुळात चित्रकार. चेहऱ्याची एक बाजू उजेडात आणि दुसरी सावलीत ठेवली की सपाट पडद्यावरही गोलाई येते, हे कुंचला धरणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

९.
१९२९-३० च्या सुमारास काचेचा फ्लॅशबल्ब आला. आत धातूचा पातळ वर्ख आणि ऑक्सिजन. वीज सोडली की सारे एकदम जळून जाई. धूर नाही, आगीची भीती थोडी. बल्ब मात्र एकदाच चाले. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना हा बल्ब हातातल्या कॅमेऱ्यावर, धावपळीत वापरायचा होता. झाकण काढून ठेवणे तेथे शक्य नव्हते. शटर उघडे असतानाच बल्ब पूर्ण तेजाला पोहोचला पाहिजे, आणि त्याला तर वीज मिळाल्यापासून सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागे. म्हणून शटर आणि बल्ब तारेने एकमेकांना बांधले गेले.

१०.
या तारेने सोय झाली आणि चित्र बिघडले. तार आखूड, म्हणून बल्ब भिंगाशेजारीच राहिला. ज्या दिशेने पाहायचे त्याच दिशेने उजेड टाकला की सावली वस्तूच्या मागे लपते आणि सावलीवाचून आकार कळत नाही. चेहरा पुरीसारखा सपाट होतो, नाकाची उंची नाहीशी होते, मागच्या भिंतीवर काळी कड उमटते. शिवाय अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. त्यामुळे पुढच्या रांगेतला माणूस पांढराफटक आणि मागच्या रांगेतला अंधारात. जुन्या लग्नांच्या अल्बमांत हे घरोघरी दिसते.

११.
फ्लॅशला नकार देणारा त्या काळातील सर्वांत प्रसिद्ध माणूस महाराष्ट्रातच राहत होता. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात कनू गांधी यांना महात्माजींची छायाचित्रे घेण्याची परवानगी मिळाली ती तीन अटींवर : फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचे नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही. पहिल्या अटीमुळे कनूंची चित्रे खिडकीतून येणाऱ्या, ओसरीवर सांडणाऱ्या उजेडावर अवलंबून राहिली. अडचणीतून त्यांची स्वतःची शैली घडली.

१२.
१९४६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचे चरख्यासह छायाचित्र घेण्यास आल्या. आधी सूत कातायला शिका, असे त्यांना सांगण्यात आले. मग तीनच बल्ब उडवण्याची मुभा मिळाली. त्यांतले दोन प्रयत्न वाया गेले, तिसरा साधला. उजेडाचा प्रत्येक झोत समोरच्या माणसाच्या डोळ्यांवर घातलेला घाव असतो, ही जाणीव त्या तीन बल्बांच्या हिशेबात आहे. भिंगाशेजारचा फ्लॅश पाहणाऱ्याला सोयीचा आणि पाहिल्या जाणाऱ्याला जाचक असतो.

१३.
तारेला लांब करून तिच्यावर मात करण्याचा सर्वांत हट्टी प्रयत्न अमेरिकेत झाला. १९५५ ते १९६० या काळात ओ. विन्स्टन लिंक यांनी शेवटच्या वाफेच्या इंजिनांची रात्रीची छायाचित्रे घेतली. रुळांच्या कडेला, झाडांत, घरांमागे डझनावारी बल्ब लावून ते एकाच वायरीत ओवायचे. १९५६ मधील एका प्रसिद्ध चित्रासाठी चाळीसहून अधिक बल्ब लागले. एक जोडणी सैल निघाली तर सारे बल्ब मुके, आणि गाडी पुन्हा मागे येणार नाही. त्याच वर्षांत कोरेगावावरून पुणे-मिरज मीटरगेजवरही वाफेची इंजिने रात्री-अपरात्री जात होती. तो धूर असा कोणी टिपून ठेवला नाही.

१४.
दुसरी उडी विजेची. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात वायूने भरलेल्या नळीतून साठवलेली वीज एकदम सोडण्याची युक्ती पक्की केली. धारित्र, म्हणजे कपॅसिटर, हळूहळू भरायचा आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात रिकामा करायचा. दुधाचा थेंब पडून उसळणारा मुकुट, सफरचंदातून आरपार जाणारी गोळी, ही त्यांची चित्रे जगभर गेली. मंगलाष्टकांच्या शेवटी उडालेली अक्षता हवेत दाणा दाणा वेगळी गोठलेली दिसते, तीही याच युक्तीची देणगी.

१५.
हा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश पुन्हा पुन्हा चाले, पण तार कायम होती. कॅमेऱ्यावरील तिच्या छोट्या गोल खाचेला प्रॉन्टर आणि कॉम्पुर या दोन जर्मन शटरांच्या आद्याक्षरांवरून ‘पीसी’ हे नाव पडले. ही जोडणी निसटण्याबद्दल बदनाम होती. मंडपात तारेत पाय अडकून दिवा आडवा होई. पुढे डिजिटल कॅमेरे आल्यावर आणखी धोका कळला : काही जुन्या फ्लॅशांच्या जोडणीवर दोनशेहून अधिक व्होल्टचा दाब असे आणि तो नाजूक कॅमेऱ्याला सोसत नसे.

१६.
तार तोडणारा पहिला व्यवहारी उपाय उजेडाचाच निघाला. दूरच्या फ्लॅशला प्रकाश ओळखणारा एक डोळा बसवायचा. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश चमकला की तो डोळा दूरच्या फ्लॅशला उडवतो. छायाचित्रकारांच्या बोलीत हा ‘स्लेव्ह’, म्हणजे हुकमाचा ताबेदार. तीस मीटर अंतर कापायला प्रकाशाला सेकंदाचा एक कोट्यंश लागतो; त्यामुळे मेळ चुकण्याचा प्रश्नच नाही. स्टुडिओच्या चार भिंतींत ही सोय उत्तम चाले.

१७.
लग्नमंडपात या ताबेदाराची पंचाईत झाली, कारण तो कोणाचाही हुकूम ऐकतो. वऱ्हाडातील एखाद्या मामांनी आपल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उडवला की कोपऱ्यातला मोठा दिवाही उडे, आणि खऱ्या क्षणी तो रिकामा सापडे. उजेड मोजण्यासाठी आधी एक बारीक चमक टाकणारे कॅमेरे आले तेव्हा तो त्या पहिल्या चमकेलाच फसू लागला. भर उन्हात त्याला काही दिसेना आणि खांबाआड ठेवला तर काही ऐकू येईना. १९९० च्या दशकापासून मिनोल्टा, कॅनन, निकॉन या कंपन्यांनी चमकांतूनच सांकेतिक हुकूम धाडण्याच्या पद्धती आणल्या. गोंधळ कमी झाला, पण खांबाची अडचण उरली.

१८.
भिंतीआड हुकूम पोहोचवणारी वस्तू भारतात फार पूर्वी जाहीरपणे दाखवली गेली होती. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य विद्युतलहरी भिंतींतून पलीकडे पाठवल्या. पलीकडे घंटा वाजली आणि बंदुकीची दारू पेटली. दूर ठेवलेली दारू तारेवाचून पेटवणे हेच तर बिनतारी फ्लॅशचे मूळ काम. मीथे-गेडिकेंची भुकटी बाजारात येऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. दोन शोध एकमेकांच्या इतके जवळून गेले आणि त्यांची छायाचित्रणातली भेट दशकानुदशके लांबली.

१९.
भारतात या भेटीच्या वाटेत कायदाही उभा होता. भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ प्रमाणे बिनतारी संदेशाचे यंत्र परवान्याशिवाय बाळगणे हाच गुन्हा होता. एके काळी घरच्या रेडिओलाही परवाना लागे. काटेकोर अर्थ लावला तर फ्लॅश उडवणारी रेडिओची डबीही याच कक्षेत येते. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. ही सूट संगणकांच्या वायफायसाठी महत्त्वाची ठरली. तिचा लाभ पुढे गावोगावच्या फोटो स्टुडिओंनाही मिळाला. १९३३ चा तो अधिनियम मोडीत काढण्याची तरतूद अखेर दूरसंचार अधिनियम, २०२३ ने केली.

२०.
परदेशात १९९० च्या दशकात पॉकेटविझार्डसारखे रेडिओ ट्रिगर व्यावसायिकांच्या हाती आले. ते महाग होते. २०१२ मध्ये कॅननने रेडिओ आतच बसवलेला फ्लॅश आणला. खरा पालट घडवला तो चीनमधील शेन्झेनच्या गोडॉक्ससारख्या कंपन्यांनी. त्यांनी तीच सोय स्वस्त केली. आता प्रत्येक ट्रिगरला ठरावीक चॅनेल असते आणि ताबेदार त्याच चॅनेलचा हुकूम ऐकतो. शेजारच्या कार्यालयातल्या लग्नात दुसऱ्या छायाचित्रकाराचे चॅनेल तेच निघाले, तर मात्र तिकडच्या हारावर इकडचा दिवा उडतो.

२१.
गोरज मुहूर्ताच्या लग्नात हा बदल स्पष्ट दिसतो. सूर्य मावळलेला, मांडवात पिवळे दिवे, अंतरपाट दूर होण्याचा क्षण एकच. पूर्वी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश दोघांचे चेहरे एकसारखे चुन्याने सारवल्यासारखे करी. आज स्टेजच्या दोन बाजूंना दोन फ्लॅश उभे असतात. नथीची कड, मुंडावळ्यांची सावली, वधूच्या सावळ्या गालावरची गोलाई चित्रात शिल्लक राहते. सावळा रंग समोरच्या झोताने नेहमीच बेरंग केला. बाजूच्या उजेडाने त्याला त्याचा वाटा दिला.

२२.
यात एक माणूस हरवला, त्याची नोंद व्हावी. तार होती तेव्हा दिवा धरायला एक पोरगा लागे. भिजलेल्या सदऱ्याने तो तासन्‌तास हात उंच करून उभा राहायचा आणि फोटोत कधीच यायचा नाही. उजेड कोठून मारला की चेहरा खुलतो हे तो पाहून पाहून शिके आणि असा एखादा पुढे स्वतःचा स्टुडिओ काढी. त्याची जागा आता लोखंडी स्टँडने घेतली. काम हलके झाले हे खरे. धंद्यात शिरण्याची एक फुकटची शाळाही त्याबरोबर बंद झाली.

२३.
आता पुन्हा वीरगळाकडे. झिजलेली अक्षरे वाचण्यासाठी दगडावर खडू घासणे, तेल चोपडणे, रंगाने अक्षरे भरणे हे प्रकार आजही होतात. प्रत्येक वेळी दगडाचा थोडा भाग जातो, आणि रंगवणाऱ्याने चुकीचे अक्षर वाचले असेल तर तीच चूक दगडावर कायमची बसते. कागदाचा ठसा घेणे ही अभ्यासकांची जुनी, मान्य रीत. परंतु ठिसूळ झालेल्या पृष्ठाला तोही सोसत नाही. उजेड दगडाला हात लावीत नाही. त्यामुळेच या साऱ्या कहाणीचा इतिहासाच्या अभ्यासकाला खरा उपयोग येथे आहे.

२४.
रीत साधी आहे. कॅमेरा तिवईवर, दगडाच्या अगदी समोर. दिवसाचा उजेड मंदावल्यावर सुरुवात करावी. फ्लॅश दगडाच्या एका बाजूला, पृष्ठाशी पंधरा-वीस अंशांचा कोन करून, आणि जरा दूर, म्हणजे जवळची कड भाजल्यासारखी पांढरी होत नाही. शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाहून जलद ठेवू नये. बहुतेक कॅमेऱ्यांत त्यापुढे चित्राची एक पट्टी काळी येऊ लागते. मग कॅमेरा तसूभरही न हलवता फ्लॅश डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून उडवावा. आडवी रेघ वरच्या उजेडात दिसते, उभी रेघ बाजूच्या. एका चित्रात जे अक्षर हरवते, ते दुसऱ्यात सापडते.

२५.
याच तत्त्वाला २००१ मध्ये टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताची जोड दिली. एकाच जागेवरून, वेगवेगळ्या दिशांच्या उजेडात घेतलेली अनेक छायाचित्रे संगणक एकत्र करतो. मग पडद्यावर बोटाने उजेड हवा तसा फिरवता येतो. प्रत्येक वेळी दिवा कोठे होता हे कळावे म्हणून दगडाशेजारी एक चकचकीत काळी गोळी ठेवतात. तिच्यावरचा चमकता ठिपका दिशा सांगतो. नाणी, ताम्रपट, शिलालेख यांच्या अभ्यासात ही पद्धत जगभर रुळली आहे.

२६.
यात एक गंमत आहे. फ्लॅश दर वेळी दगडापासून सारख्याच अंतरावर असावा लागतो, आणि ते अंतर मोजायला अभ्यासक सुतळी वापरतात. एक टोक दगडाच्या मध्याशी, दुसरे फ्लॅशशी. चित्र घेताना सुतळी बाजूला. दीडशे वर्षे खपून विजेची तार काढून टाकली आणि शेवटी हातात साधी सुतळी उरली. ती धरायला दुसरा माणूस लागतो. बहुधा तो त्याच गावातला असतो, आणि दगडावरचा घोडा प्रथम त्यालाच दिसतो.

२७.
सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचा हा काळा बेसाल्ट टणक असला तरी अमर नाही. ऊन, पाऊस, शेंदूर, जीर्णोद्धारातले सिमेंट आणि रस्त्याचे रुंदीकरण या सर्वांनी मिळून वीरगळ दरवर्षी थोडे थोडे कमी होत आहेत. ज्यांची नावे कोरलीच गेली नाहीत अशा माणसांची ती एकुलती एक नोंद आहे. देवळाच्या माणसांना विचारून, खडू न घासता, चार दिशांनी चार चित्रे घेण्यास अर्धा तास पुरतो. सूर्याची वाट पाहण्याचे कारण आता उरलेले नाही.

(धागा समाप्त)